समुद्राचा आराखडा गावातून कसा उभा करावा

माझी सगळी नोकरी मत्स्यव्यवसाय खात्यात झाली, आणि तिच्यातला मोठा काळ मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर. किनारी तालुक्यात रुजू झालेले तरुण अधिकारी आणि नवे सरपंच विचारतात, समुद्राच्या नियोजनाची सुरुवात कुठून करायची? मी सांगतो, नकाशापासून करा. आणि तो पहिल्या बैठकीच्या आधी मच्छीमारांकडून काढून घ्या.

सरकारी नकाशात जमिनीच्या तुकड्यातुकड्याला गट क्रमांक असतो. भरतीरेषा ओलांडली की नुसता निळा रंग. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे ओढतात, होडी कुठल्या वाटेने आत घेतात, खाडीत तिसऱ्या (शिंपले) कुठे मिळतात, यातलं काहीच त्यात दिसत नाही. मग जेटीचा किंवा जलक्रीडेचा प्रस्ताव येतो तेव्हा ती जागा मोकळीच आहे असं टेबलावरच्या माणसाला प्रामाणिकपणे वाटतं.

कामाला जून-जुलै धरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी विणत घरी सापडतात. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या, तो मोठा करा आणि समुद्राच्या बाजूला कोरा कागद चिकटवा. "मासे कुठे पकडता?" असं विचारू नका, खरं उत्तर मिळणार नाही आणि ते मिळू नये हेच योग्य. त्याऐवजी खडप (पाण्यातला खडक) कुठे आहे, जाळं कुठे अडकतं, दक्षिणेचा वारा असला की होडी कुठे लावता, रापणीची हद्द कुठून कुठपर्यंत, हे विचारा. खोली वावांतच (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) लिहा, मीटर नंतर करता येतात. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाचं पाणी कुठल्या माडापर्यंत आलं, हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. ती रेघ वेगळ्या रंगात काढा.

बायकांशी वेगळं बोला, तेही देवळातल्या सभेत नाही. ओहोटीला त्या कालवं-मुळे (शिंपल्यातले जीव) काढायला उतरतात, तिथे जा. मासळी सुकवायची पुळण (वाळूचा किनारा), खाडीत उतरायच्या पायवाटा त्या दाखवतील. या जागा पुरुषांच्या नकाशात हमखास सुटतात आणि बांधकामाखाली सगळ्यात आधी जातात.

नकाशे दोन ठेवा. एकात वापराच्या जागा, तो सगळ्यांसाठी. दुसऱ्यात मासे मिळण्याच्या खुणा, तो फक्त मच्छीमार संस्थेच्या कपाटात. कॉलेजचे विद्यार्थी, संशोधन संस्था किंवा स्वयंसेवी संस्था मदतीला आली तर त्यांनी जरूर यावं, पण माहिती कोणाची, ती कुठे छापायची नाही आणि प्रत गावाला कधी मिळणार, हे एका पानावर मराठीत लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. या पानाचा आग्रह मी कधी सोडला नाही. भागीदारी टिकते ती या पानामुळे.

आता कार्यालयं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या १९८१च्या अधिनियमाखाली, म्हणजे मत्स्यव्यवसाय खात्याकडे. जेटी आणि प्रवासी बोटी मेरीटाईम बोर्डाकडे, कांदळवन वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, जमीन तहसीलदाराकडे. सगळ्यांना एकदम बोलावलं तर प्रत्येक जण आपली हद्द सांगून उठतो. म्हणून आधी एकेकाकडे नकाशा घेऊन जा आणि एकच विचारा : "साहेब, यात तुमचं काय आहे?" ते पेन्सिलीने काढायला लागले की काम अर्धं झालं. मग सगळ्यांना एका ओहोटीला एकाच होडीत बसवा. बंदर निरीक्षक, वनरक्षक आणि भूमापक एका खाडीत दोन तास एकत्र फिरले तर सभागृहातल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त शिकतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. साहेबांची तीन वर्षांत बदली होते. त्यामुळे शिकवायचंच असेल तर वनरक्षक, ग्रामपंचायतीचा लिपिक आणि मच्छीमार संस्थेचा सचिव यांना आधी शिकवा.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो वापरा. १८ जानेवारी २०१९च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेनुसार स्थानिक नकाशे १:४००० प्रमाणावर होतात. मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, जेटी, मासळी सुकवायच्या जागा त्यात दाखवणं अपेक्षित आहे. म्हणजे तुमचा नकाशा ही मागणी नाही, शासनाच्याच कामाची पूर्तता आहे. ग्रामसभेचा ठराव जोडून तो पाठवा. त्याच अधिसूचनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी सांगितले आहेत. ते कोण आहेत, हे पत्र देऊन विचारा. नावं सुचवायची वेळ आली तर एक रापणकर, एक छोट्या होडीवाला आणि एक मासळी विकणारी बाई सुचवा. ट्रॉलरवाले आणि छोटे मच्छीमार यांना पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवू नका. दोघांचे नकाशे वेगवेगळे काढा, मग एकावर एक ठेवा. भांडण नेमकं किती वावांवर आहे ते दिसतं, आणि बोलणं तेवढ्यापुरतं राहतं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. आपल्याला विचारलंच नाही, ही भावना तिथे कितीतरी वर्षं गेली नाही, आणि एकेका बैठकीत तिचा चटका मला बसलेला आहे. त्याच जिल्ह्यात ट्रॉलरच्या जाळ्याच्या खोळ्याला (मासे साठतात त्या शेवटच्या पिशवीला) ४० मिलिमीटरचे चौकोनी आस (जाळ्याची भोकं) लावण्याचा प्रयोग झाला. तो मच्छीमारांच्या स्वतःच्या जाळ्यांवर झाला, बारकी पिल्लं सुटून जाताना त्यांनी पाहिली, म्हणून त्यावर बोलणं होऊ शकलं. कुठलाही नियम आणायच्या आधी असा एक हंगाम द्या.

शेवटी वापराच्या नकाशाची फाईल. तिच्या चार प्रती करा : ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था, तहसील आणि जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालय. गावाच्या जैवविविधता समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तिची नोंद घ्या. अधिकाऱ्याची बदली झाली की पदभाराच्या यादीत ही फाईल क्रमांकासह लिहून घ्यायला लावा आणि नव्या अधिकाऱ्याला पहिल्याच महिन्यात ओहोटी बघून खाडीत न्या. दर पावसाळ्यात, होड्या वर असतानाच, रेघा पुन्हा तपासा. पुळण सरकते, खाडीचं मुख हलतं, आणि जुना नकाशा नव्या वादात तुमच्याच विरुद्ध वापरला जातो.