पाण्यावरचं तेल: घरच्या घरी अमूर्त क्लोज-अप

अमूर्त क्लोज-अप काढायचे म्हटलं की लोक आधी महागड्या मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सची नावं सांगायला लागतात. गरज नाही. ५० मिमीची साधी लेन्स आणि तिच्यामागे एकूण ५० मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या पोकळ नळ्या) लावल्या की वस्तू सेन्सरवर जवळपास मूळ आकारात, म्हणजे १:१ उमटते. फोनच वापरणार असाल तर मुख्य कॅमेऱ्यावर क्लिपची लेन्स लावा. स्वस्त फोनमधल्या २ मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याच्या नादी लागू नका.

सुरुवातीला पाण्यावरचं तेलच घ्या. स्वयंपाकघरात सगळं मिळतं आणि दर मिनिटाला चित्र बदलतं.

सपाट तळाचं काचेचं भांडं सारख्या उंचीच्या दोन डब्यांवर ठेवा. खाली वीतभर तरी मोकळी जागा हवी. तिथे घोटीव कागदाचे दोन-तीन भडक रंग किंवा खणाचा तुकडा पसरा. पाणी उकळून गार केलेलं वापरा, कारण नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा बारीक बुडबुडे होऊन काचेला चिकटते. दोन बोटं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, मग चमचाभर रिफाइंड सूर्यफूल तेल. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, सगळ्या रंगांवर पिवळी झाक चढते. खोबरेल थंडीत गोठतं.

दिवा कागदावर मारा, भांड्यावर नाही. ट्यूबलाइट बंद, नाहीतर प्रत्येक थेंबात तिची पांढरी रेघ दिसते. पंखाही बंद.

आता फोकस. मला सर्वांत जास्त छळलं ते ह्यानेच, आणि ह्याच बाबतीत सर्वांत वाईट सल्ले मिळतात.

ऑटोफोकस आधी बंद करा. तेलाचा थेंब वरून सपाट वाटला तरी तो भिंग असतो. तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) साधारण १.४७, पाण्याचा १.३३, त्यामुळे खालचे रंग थेंबात गोळा होतात. कॅमेरा त्या रंगांच्या मागे धावतो आणि थेंबाची कड सोडून देतो. आपल्याला हवी असते तीच बारीक काळसर कड. ती धारदार आली नाही, तर कितीही सुंदर रंग असले तरी फोटो टाकून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘एफ/२२ लावा, सगळं शार्प येतं’ हा सल्ला तर कानाआड करा. (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान.) १:१ ला एफ/८ हे प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं आणि एफ/२२ थेट एफ/४४ सारखं. विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळ्याच कडा मऊ पडतात, शिवाय खणाची वीण दिसू लागते आणि अमूर्तपणा गेलाच. एफ/५.६ ते एफ/८ च्या पुढे जाऊ नका. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ ला धारदार पट्टा जेमतेम १ मिमीचा मिळतो. पण पाण्याचा पृष्ठभाग सपाटच असतो, तेव्हा सेन्सर त्याला समांतर असेल तर तेवढा पुरतो.

समांतर झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. भांड्याच्या काठांवर एक छोटा सपाट आरसा आडवा ठेवा आणि लेन्समधून बघा. लेन्सचं धूसर गोल प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा आरशाला समांतर झाला. भांडं स्वतः लेव्हलमध्ये आहे ना, हे आधी बघून घ्या. मग आरसा काढा.

ह्यानंतर लेन्सची फोकस रिंग फिरवायची नाही, फिरवली की चित्राचा आकार बदलतो. ट्रायपॉडला हात लावला तर केलेली जुळणी बिघडते. मग शेवटचा मिलिमीटर कसा साधायचा? पाण्याने. २० सेंमी चौरस भांड्यात ४० मिली पाणी घातलं की पातळी १ मिमी चढते. सुई काढलेली मोठी सिरिंज घ्या, भांड्याच्या कोपऱ्यात पाणी हळूच सोडा किंवा ओढून घ्या आणि स्क्रीनवर चित्र मोठं करून थेंबाची कड बघत राहा. धूसर पट्टी आवळत आवळत केसाएवढी होते, तिथे थांबा. पाणी स्थिर होऊ द्या, मगच क्लिक.

शटर १/१२५ सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, कारण तेल सतत सरकत असतं. उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेली कड चालत नाही. टायमरपेक्षा रिमोट बरा, दोन सेकंदांत थेंब चौकटीबाहेर जातो.

थेंब कंटाळवाणे वाटले तर टूथपिकने ढवळा, मोठे फुटून लहान होतात.

संगणकावर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, फोटो फिरवून बघा, बास.

तेल बेसिनमध्ये ओतू नका. वर्तमानपत्राने टिपून कचऱ्यात टाका आणि मग भांडं घासा.