एसयूची जोडी आणि एक सरळ मॅनिफोल्ड

माझ्या भोसरीच्या शेडमध्ये खिळ्याला एक इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा फाटेदार पाइप, टांगलेला आहे. वेल्डिंग देखणं, पॉलिशही केलेलं, पण उपयोग शून्य. मी बनवलेला तो पहिला. गाडीला लावल्यावर इंजिन आयडलवर डुलायला लागलं. पंधरा दिवस मी दोन्ही कार्बोरेटर खोलून-जोडून त्यांनाच शिव्या दिल्या. शेवटी मॅनिफोल्ड उतरवून दोन्ही फेसवर (इंजिनाला टेकणाऱ्या सपाट बाजूंवर) मिळून एक पट्टी आडवी ठेवली, तर खालून उजेड दिसला. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला हे शोभत नाही.

तर काम मॉरिस मायनर 1000 या जुन्या मोटारीला एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवण्याचं, आणि त्यासाठी लागणारा मॅनिफोल्ड स्वतः बनवण्याचं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) ए-सिरीज इंजिन, 948 सीसी, 37 हॉर्सपॉवर, एकच एसयू (हा कार्बोरेटरचा ब्रिटिश मेक). याच 948 वर 1958 च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटमध्ये दोन एसयू बसवून 43 काढले होते, आणि त्यातही सगळं श्रेय कार्बोरेटरचं नव्हतं. तेव्हा गाडी उडेल अशी आशा नको. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती जरा मोकळा श्वास घेते, एवढंच.

आधी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, नीट बघा. चार सिलिंडर असले तरी इनटेकची भोकं दोनच: 1-2 चं एक, 3-4 चं एक. एक्झॉस्टची तीन, कारण मधलं भोक 2-3 मध्ये सामाईक. म्हणजे ओळीने एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट, सगळी एकाच बाजूला. मायनरचा मूळ मॅनिफोल्ड इनटेक-एक्झॉस्ट एकत्र ओतलेला बिडाचा असतो. तो पूर्ण निघणार. म्हणून वेगळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आधी मिळवा आणि मगच इनटेकला हात घाला. कारण एकाच स्टडवरचा जाड वॉशर अर्धा इनटेकच्या फ्लँजवर (हेडला आवळायची भोकं असलेल्या पट्टीवर) बसतो, अर्धा एक्झॉस्टच्या. दोन्ही फ्लँजची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो आणि कुठून तरी फुसफुस सुरू होते. एक्झॉस्टची फ्लँज व्हर्निअरने मोजा, आणि इनटेकसाठी त्यापेक्षा दीड मिलिमीटर जाड प्लेट घ्या. हा दीड मिलिमीटर शेवटी फेस मारायला, म्हणजे तासून सपाट करायला, लागतो.

भोकांची जागा नव्या गॅस्केटवरून प्लेटवर उतरवा. सेंटर पंच मारून पुन्हा एकदा गॅस्केट ठेवून बघा. स्टड पाच-सोळांश इंची, त्याला साडेआठ मिलिमीटरचं ड्रिल पुरतं. हेडच्या इनटेक भोकात छोटी लोकेटिंग रिंग असते. तिच्यासाठी फ्लँजमध्ये खाच ठेवा.

कार्बोरेटर एचएस-2, सव्वा इंची, म्हणजे बोअर 31.75. बाजारात 38 बाहेरचा आणि 3 मिलिमीटर जाडीचा पाइप मिळतो, आतून 32 भरतो. दुसरं काही शोधत बसू नका. पाइप सरळ आणि आखूड ठेवा. तिरका किती, ते कार्बोरेटर हातात धरून ठरवा: फ्लोट चेंबर (कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी) उभा राहिला पाहिजे. डॅशपॉटवर (कार्बोरेटरच्या वरच्या टोकावर) कणकेचा गोळा ठेवून बॉनेट लावा आणि गोळा किती चेपला ते मोजा. सौभाग्यवतींना आधी सांगा.

आता जिग, म्हणजे वेल्ड करताना सगळे भाग जागच्या जागी धरणारा साचा. भंगारातून एक निकामी हेड आणा, त्याच्या स्टडवर दोन्ही फ्लँज आवळा. कार्बोरेटरच्या बाजूला 12 मिलिमीटरची एकच अखंड प्लेट घेऊन दोन्ही कार्बोरेटर फ्लँज तिलाच बोल्ट करा. एसयूचे दोन्ही थ्रॉटल स्पिंडल (थ्रॉटलच्या झडपेच्या दांड्या) एका रेषेत आले नाहीत तर त्यांना जोडणारं लिंकेज कधीच मोकळं चालत नाही, आणि ती रेषा ही प्लेटच धरून ठेवते.

आधी सगळीकडे टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा. मग आर्गनने थोडं इकडे, थोडं तिकडे असं फिरत वेल्ड करा. मॅनिफोल्डच्या दोन पायांना, म्हणजे दोन पाइपांना, आपसात जोडणारा बॅलन्स पाइप, आतून 12 मिलिमीटर, हासुद्धा जिगवरच असताना लावायचा. माझी चूक नेमकी इथे झाली. बॅलन्स पाइप मी नंतर, टेबलावर जोडला. वेल्ड आकसला आणि दोन्ही पाय एकमेकांकडे ओढले गेले. तो पाइप वगळूही नका. 1-3-4-2 या फायरिंग ऑर्डरमुळे एका भोकावरचे दोन्ही सिलिंडर पाठोपाठ ओढतात, मग ते भोक बराच वेळ गप्प. हा धक्का दोन्ही कार्बोरेटरमध्ये वाटून जायला वाट लागते.

वेल्ड झाल्यावर जिग रात्रभर तशीच राहू द्या. गरम असताना नट सोडण्याचा मोह होतो. सकाळी मिलिंगवर दोन्ही फेस एकाच सेटिंगमध्ये मारा, एक्झॉस्टच्या जाडीपर्यंत. सरफेस प्लेटवर ठेवून फिलर गेजचं 0.05 चं पान कुठेही शिरता कामा नये.

मग पंक्चरवाल्याची युक्ती. तोंडं रबर आणि प्लेटने बंद करा, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व लावून थोडी हवा भरा, मॅनिफोल्ड बादलीत बुडवा. बुडबुडा आला की तिथे खडूची खूण.

बसवताना कार्बोरेटरखाली हायलमचे (उष्णता अडवणाऱ्या लॅमिनेटचे) ठोकळे आणि एक्झॉस्टच्या वर ॲल्युमिनियमचा पत्रा हवाच. पुण्याच्या मे महिन्यात फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. डिसेंबरच्या सकाळी उलट तक्रार: मूळ मॅनिफोल्डची ऊब गेली, त्यामुळे चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. ई-20 पेट्रोलमुळे जुने रबरी पाइपही बदला, इथेनॉल त्यांना खातं.

ट्यूनिंग थोडक्यात. दोन्ही कार्बोरेटरखालचे जेट नट (मिश्रण जाड-पातळ करणारे) पूर्ण वर, मग नटाचे 12 पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली. लिंकेज सैल करून, रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांचा फुसकारा सारखा करा. मग कार्बोरेटरमधला पिस्टन जेमतेम 0.8 मिलिमीटर उचला: वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड, इंजिन मरायला लागलं तर पातळ, किंचित वाढून परत आला तर बरोबर. डॅशपॉटमध्ये 20 नंबरचं ऑइल.

शंभरेक किलोमीटर झाले की थंड इंजिनावर मॅनिफोल्डचे सगळे नट पुन्हा एकदा आवळा, मधल्यापासून सुरुवात करून.