टेकडीवाले ‘ट्रस्टवर या’ म्हणाले तर

रविवारी टेकडीवर श्रमदान होतं, खाली उतरल्यावर वडापाव होतो आणि वडापाव खाता खाता कुणीतरी म्हणतं, “ताई, आता तुम्ही ट्रस्टवरच या की.” सातारा जिल्ह्यातल्या आमच्या झाडं लावणाऱ्या छोट्या संस्थेत मला नऊ वर्षांपूर्वी विश्वस्त होण्याबद्दल असंच विचारलं. सहकारी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. मी लगेच ‘हो’ म्हटलं. आता कुणी माझ्याकडे सल्ला मागायला आलं तर मी सांगते, हो म्हणा, पण आधी आठवडाभराची मुदत मागा आणि त्या आठवड्यात कागद बघा. खड्डे खणण्यासाठी विश्वस्त व्हावं लागत नाही. ते तुम्ही आत्ताही करताच आहात.

पहिला कागद म्हणजे शेड्यूल-१ चा उतारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या प्रत्येक संस्थेचा असा उतारा धर्मादाय कार्यालयात असतो. त्यात विश्वस्तांची नावं आणि संस्थेची मालमत्ता लिहिलेली असते. निवडणूक झाली, राजीनामा आला, कुणी वारलं, तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात.

आमच्या उताऱ्यावर सात नावं होती. त्यातले दोघे हयात नव्हते आणि एक काका मुलाकडे इंदूरला जाऊन स्थायिक झाले होते. अकरा वर्षांत एकही बदल अर्ज गेला नव्हता. सभा होत होत्या, निवडी होत होत्या, हार घातले जात होते, पण ते सगळं आमच्या प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभांच्या नोंदवहीत. खात्यावर नवीन सह्या लावायला गेलो तेव्हा बँकेने उतारा मागितला आणि आम्ही उघडे पडलो. मी स्वतः बँकेतली, काउंटरच्या पलीकडून हेच वाक्य एकतीस वर्षं लोकांना ऐकवलेलं.

मग सगळ्यात जुन्या बदलापासून एकेक अर्ज, प्रत्येकाला विलंब माफीची विनंती, सोबत सभेची नोटीस, हजेरी, ठराव, नव्या माणसाचं संमतीपत्र. एका दिवंगत विश्वस्तांच्या घरी मृत्यूचा दाखला मागायला गेले. भिंतीवर फोटो, फोटोला चंदनाचा हार. मुलाने चहा दिला, दाखल्याची झेरॉक्स दिली आणि दारात येऊन विचारलं, “म्हणजे बाबा अजून ट्रस्टवर आहेत?” काय सांगणार? दोन वर्षं हेच चाललं.

दुसरा कागद संस्थेची घटना, म्हणजे नियमावली. सभेला गणपूर्ती (किमान हजेरी) किती लागते, मुदत किती वर्षांची, सह्या कोणाच्या, हे बघा. आणि उद्देश नीट वाचा. आमच्या उद्देशात ‘वृक्षसंवर्धन व जलसंधारण’ आहे. त्यामुळे एकदा सभासदांनी पूरग्रस्तांसाठी संस्थेच्या खात्यातून पैसे द्यायचं ठरवलं तेव्हा मला वाईटपणा घेऊन नाही म्हणावं लागलं. शेवटी वर्गणी वेगळी काढली. दोघेजण अजून माझ्याशी तुटक बोलतात.

कायद्यातलं एकच कलम पाठ करायचं असेल तर ३६-अ करा. शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जशी जपून सांभाळतो तशी संस्थेची सांभाळा, असा त्याचा साधा अर्थ. संस्थेसाठी कर्ज काढायचं तर आधी परवानगी, हेही त्यातच आहे. जमीन विकायला, बक्षीस द्यायला, लांब मुदतीच्या भाड्याने द्यायला कलम ३६ खाली आधी मंजुरी लागते. लांब मुदत म्हणजे शेतजमीन दहा वर्षांहून जास्त, बाकी जागा तीन वर्षांहून जास्त. आमची रोपवाटिका देणगीत मिळालेल्या अकरा गुंठ्यांवर आहे. रस्त्याकडेचा तुकडा मागायला दर दिवाळीला कुणीतरी येतं. येणारा हमखास एखाद्या विश्वस्ताचा ओळखीचा असतो.

ओळखीचाच विषय निघालाय तर सांगते. एका विश्वस्ताच्या मेहुण्याची नर्सरी होती आणि रोपं तिथूनच यायची. मेहुणा वाईट नव्हता, रोपंही बरी होती. पण आयकरवाले विश्वस्तांच्या नातेवाइकांना दिलेल्या पैशाकडे बारकाईने बघतात आणि जास्त दर दिल्याचं निघालं तर संस्थेची करसवलत अडचणीत येते. आता आम्ही तीन ठिकाणचे दर मागवतो आणि संबंधित माणूस त्या ठरावापुरता बाहेर जाऊन बसतो. पहिल्या वेळी फार अवघड झालं होतं. बाहेर पाऊस, ते व्हरांड्यात, आत आम्ही सहा जण कुजबुजत.

कोऱ्या चेकवर सही करू नका. “सचिव टेकडीवर असतात, सारखं खाली कुठे यायचं” हे कारण मीही ऐकून घेतलं आहे आणि एकदा सहीही केली आहे. नशीब चांगलं होतं, एवढंच. व्हाउचर हातात घेतलं की मागे उलटून बघा. मजुरीचं असेल तर मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट मागा. एकाच पेनाने, एकाच हाताने सगळ्यांच्या सह्या असतील तर विचारा. विचारलं म्हणजे चोर म्हटलं असं नसतं, हे सगळ्यांना पटायला आमच्याकडे तीनेक वर्षं गेली.

खरी कसोटी लागते ती कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, दारात येतो तेव्हा. (त्यासाठी संस्थेची कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी असावी लागते.) कंपनीला जूनमधला एक शनिवार हवा असतो, टी-शर्ट, बॅनर, पाच हजार रोपं. सगळे विश्वस्त हरखून जातात. तेव्हा टेबलावर कुणीतरी विचारायचं असतं की दुसऱ्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? वणवा अडवायला गवत काढून ठेवतात ती जाळरेषा कोण काढणार? आमच्या टेकडीवर गवत पोटरीपर्यंत वाढतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एका बिडीने वणवा लागतो. एका वर्षी आम्ही ५०० रोपं लावली, तिसऱ्या वर्षी मोजली तेव्हा ३१२ जिवंत होती, आणि आम्हाला ते चांगलं वाटलं. म्हणून आता करारात तीन वर्षांचं पाणी, राखणदाराचा पगार आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचा खर्च धरतो. ते मान्य नसेल तर नम्रपणे नाही म्हणतो. दोन कंपन्या गेल्या. तिसरी थांबली.

आणि झाडं कुठे लावायची, हाही विश्वस्तांचाच प्रश्न आहे. एकदा पठारावरचं उघडं माळरान ‘हिरवं’ करायचा प्रस्ताव आला होता. ते माळरान आधीच हिरवं होतं, फक्त गवताचं. माळढोक, तणमोर, लांडगा यांना असंच उघडं रान लागतं. सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य म्हणूनच आहे. मेंढपाळांचं चराऊ रानही तेच. आम्ही तो प्रस्ताव फेटाळला आणि टेकडीच्या घळीत, जिथे ओल टिकते, तिथे उंबर, करंज, अर्जुन लावले. जागा वनखात्याची असो की गायरान, “साहेब हो म्हणालेत” ही परवानगी नव्हे. साहेबांची बदली होते. लेखी घ्या.

बाकीचं वेळापत्रक फ्रीजवर लावून ठेवण्याइतकं सोपं आहे. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याच्या निदान महिनाभर आधी. हिशेब ३१ मार्चला बंद. ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) असेल तर देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकराकडे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. ऑडिट सप्टेंबरअखेर. दोन हजारांच्या वरची देणगी रोख घेतली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, ते पावती फाडण्याआधीच सांगा, नंतर भांडण होतं. ८०जीची मुदत कधी संपते ते आजच बघून ठेवा.

सोडताना राजीनामा तोंडी देऊ नका. लेखी द्या, तो मंजूर झाल्याच्या ठरावाची प्रत घ्या आणि बदल अर्ज दाखल होईपर्यंत पाठपुरावा करा, नाहीतर तुमच्याही मुलाला कुणीतरी दाखला मागायला येईल.

मी येत्या मार्चनंतर थांबते आहे. माझ्या जागी येणारी मुलगी शाळेत गणित शिकवते. तिला ‘हो’ म्हणायच्या आधीच उतारा, घटना आणि तीन वर्षांच्या व्हाउचरच्या फायली दिल्या. चौथ्या दिवशी तिचा फोन. “काकू, गेल्या मे महिन्यात एकाच तारखेची टँकरची दोन बिलं आहेत, नंबर वेगळे, खेपा तेवढ्याच. दोन्हींवर तुमची सही आहे.” फाइल पुन्हा मागवून घेतली आहे. टँकरवाल्याला उद्या सकाळी बोलावलंय.