रंगनिर्मितीतील सांडपाणी कमी करण्यासाठी मेम्ब्रेन कोठे बसवावे

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रबाळे, महापे, पावणे येथील लहान रसायन कारखान्यांत मेम्ब्रेनचा (अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळण पडद्याचा) विचार बहुधा ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) शेवटच्या टाकीपाशी सुरू होतो. तोवर रंगाचे पाणी, रिअॅक्टर धुतलेले पाणी आणि कूलिंग टॉवरचे ब्लोडाउन (त्यातून सोडून दिलेले क्षारयुक्त पाणी) एकत्र झालेले असते व त्यातून परत मिळवण्याजोगे फारसे काही उरत नाही. म्हणून आधी प्रत्येक प्रवाह वेगळा ठेवून त्याचा पीएच, टीडीएस (एकूण विरघळलेले घन पदार्थ), सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचे माप), तापमान आणि त्यातील सॉल्व्हंट (द्रावक) तपासावे. डीएमएफसारखे (डायमिथाइल फॉर्मामाइड) सॉल्व्हंट असल्यास नेहमीचे मेम्ब्रेन टिकत नाही.

रिअॅक्टिव्ह रंगांत (धाग्याशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगांत) प्रवाह वेगळा ठेवण्याचा हा लाभ स्पष्ट दिसतो. रंगाचा साका (घन गाळ) बसवण्यासाठी मीठ घालतात आणि फिल्टर प्रेसखाली उतरणाऱ्या मदर लिकरबरोबर (गाळून उरलेल्या द्रवाबरोबर) ते मीठ व थोडा रंगही वाया जातो. त्याऐवजी गाळून घेतलेला रिअॅक्शन मास (रंग तयार झालेले मिश्रण) थेट नॅनोफिल्ट्रेशनवर (अतिबारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनवर) घेतल्यास काहीशे डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रंगाचे रेणू अडतात आणि साधे मीठ पाण्याबरोबर पार होते. शिवाय साका बसवण्यासाठी मीठ घालावेच लागत नाही. रंगाच्या टाकीतील पातळी कायम राखत ताजे पाणी सोडत राहावे. मीठ जवळपास मुक्तपणे पार होत असेल, तर टाकीच्या आकारमानाएवढे पाणी 3 वेळा गेल्यावर मूळ मिठाचा सुमारे 5 टक्के भाग उरतो. त्यानंतर रंग घट्ट करून स्प्रे ड्रायरकडे पाठवता येतो.

टाकीत सोडायचे हे ताजे पाणी नळाचे वापरू नये. त्यातील क्लोरीन मेम्ब्रेनवरील पॉलिअमाइडचा थर खाऊन टाकते आणि कॅल्शियम पृष्ठभागावर खर (क्षारांचा कडक थर) धरते. मऊ केलेले, क्लोरीन काढलेले पाणीच द्यावे. तापमान सहसा 45 अंश सेल्सिअसपेक्षा कमी ठेवावे, मात्र खरी मर्यादा मेम्ब्रेनच्या माहितीपत्रकातच पाहावी.

दर पाळीला परमिएट (मेम्ब्रेनमधून पार झालेले पाणी) काचेच्या बाटलीत घेऊन पांढऱ्या कागदापुढे धरावे. नेहमीपेक्षा गडद छटा एकाएकी दिसली, तर आधी ओ-रिंग (जोडावरील रबरी सील) तपासावी. तापमान व दाब जमेस धरूनही फ्लक्स (मेम्ब्रेनमधून पाणी पार होण्याचा वेग) 10 ते 15 टक्के घटला की धुलाई करावी: सेंद्रिय थरासाठी अल्कली, खरीसाठी आम्ल. धुलाई पुढे ढकलून पंपाचा दाब वाढवत नेणे ही वाईट सवय आहे, कारण त्यामुळे थर अधिकच घट्ट बसतो.

मेम्ब्रेन काहीही नष्ट करत नाही, केवळ वेगळे करते. नॅनोफिल्ट्रेशनच्या परमिएटमधून आरओने पाणी परत घेता येते. पण उरलेले खारे रिजेक्ट बाष्पीभवनाला पाठवायचे की अन्य मार्गाने हाताळायचे, हे यंत्राची ऑर्डर देण्याआधी ठरवावे, आणि प्रक्रियेतील हा बदल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात कसा नोंदवावा लागेल याची विचारणाही त्याच वेळी करावी.