‘मस्ट’ कुणाच्या हातात राहिला? पत्त्यांवर इंग्रजी शिकवणाऱ्या नवख्यांसाठी

सोलापुरात इंग्रजीच्या वर्गावर गेलात की समोर एकच मातृभाषा असेल, असं धरून चालू नका. पूर्व भागातल्या पोरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांच्या घरी कन्नड, कुठे दखनी, आणि शाळेत मराठी. नवा शिक्षक यानं बिचकतो. पण ‘माझ्याकडे पेन आहे’ हे या सगळ्या भाषांत ‘आहे’वरच भागतं, ‘हॅव’ला जोडीदार क्रियापद नाही. प्रश्न करायचा तर मराठीत शेवटी ‘का’ येतो, तेलुगू-कन्नडमध्ये शेवटचा स्वर ‘आ’ असा लांबतो. ‘डू’सारखं काही पुढे आणावं लागत नाही. म्हणून वर्गभर एकच चूक ऐकू येते: ‘यू हॅव पेन?’ चूक सामायिक आहे, त्यामुळे एकाच खेळात सगळ्यांचं काम होतं.

खेळ निवडताना एवढंच बघायचं: वाक्य बोलल्याशिवाय पान हलतं का? हलत असेल तर तो खेळ वर्गात आणू नका. भिकार-सावकार मुलांना फार आवडतो, पण अख्खा डाव मुक्यानं खेळता येतो. मेंढीकोटात तर भिडूशी बोलणं हीच लबाडी. दोन्ही घरी सुट्टीत खेळायला उत्तम.

सुरुवात मागामागीनं करावी. हा मूळचा ‘गो फिश’. आठ जिन्नस घ्या: ऑनियन्स, टोमॅटोज, चिलीज, एग्ज हे मोजता येणारे आणि सॉल्ट, शुगर, मिल्क, राइस हे न मोजता येणारे. प्रत्येकाची चार पानं, म्हणजे कॅट बत्तीस पानांचा. चार हात, प्रत्येकी पाच पानं; उरलेली बारा मध्ये उलटी. ज्याची पाळी तो कुणा एकाला विचारतो, ‘डू यू हॅव एनी ऑनियन्स?’ विचारणाऱ्याच्या हातात त्या जिनसाचं एक तरी पान हवंच. समोरच्याकडे असतील तर ‘येस, आय डू. हिअर यू आर’ म्हणत त्यानं सगळी द्यायची आणि विचारणाऱ्याची पाळी पुढे चालू. नसतील तर ‘नो, आय डोन्ट. टेक अ कार्ड.’ चारही पानं जमली की संच खाली मांडायचा.

हे पाच मिनिटं नीट चालतं. मग गाडी घसरते आणि नुसतं ‘ऑनियन?’ ऐकू येऊ लागतं. मुलांचा यात दोष नाही. एका शब्दात पान मिळतंय तर पाच शब्द कोण खर्च करेल? शिक्षक गटागटात फिरून ‘पूर्ण वाक्य, पूर्ण वाक्य’ ओरडत राहिला तर तोच दमतो. राखणदारी उत्तर देणाऱ्याकडे सोपवा. वाक्य अर्धवट किंवा चुकीचं आलं तर त्यानं ‘पार्डन?’ म्हणायचं आणि वाक्य सुधारेपर्यंत पान द्यायचं नाही. आपलं पान वाचावं ही त्याची गरजच असते, म्हणून तो कान टवकारून ऐकतो. ‘डू’ राहिला, ‘एनी’ राहिलं, ‘ऑनियन्स’चा शेवटचा ‘ज’ खाल्ला, सगळं पकडतो. मात्र चुकीसाठी पाळी काढून घेऊ नका. कच्च्या मुलाचीच पाळी दरवेळी जाते आणि तिसऱ्या डावाला तो बोलायचाच थांबतो.

दुसरा खेळ गुलामचोर. तो घरोघरी माहीत असल्यामुळे नियम सांगण्यात वेळ जात नाही. पानांवर क्रियापदाचं मूळ रूप आणि भूतकाळाचं रूप अशा पंधरा जोड्या करा: गो–वेन्ट, सी–सॉ, ईट–एट, टेक–टुक अशा. एकतिसावं पान गुलामाचं. या जागी जोकर छापण्यापेक्षा ‘मस्ट’ छापा. ‘मस्ट’ला स्वतःचं भूतकाळाचं रूप नाही, तिथे ‘हॅड टू’ वापरावं लागतं. म्हणजे हे पान खरोखरच बिनजोडीचं आहे. ज्याच्या हातात ते शेवटी उरेल तो चोर. ‘आज मस्ट कुणाकडे राहिला?’ असं आठवीची मुलं एकमेकांना विचारू लागली की समजावं, व्याकरणाचा तो मुद्दा फळ्यावर न लिहिताच बसला.

शेजाऱ्याचं पान ओढून जोडी जुळली की ती खाली टाकताना ‘येस्टरडे’ घालून वाक्य बोलायचं: ‘आय टुक द बस टू अक्कलकोट येस्टरडे.’ जोड्या निवडताना दोन ठिकाणी फसायला होतं. ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’ यांची दोन्ही रूपं सारखीच दिसतात. ती पहिल्या कॅटात नकोत. आणि ‘बाय–बॉट’, ‘ब्रिंग–ब्रॉट’ एकत्र ठेवलंत तर कुणीतरी बाय-ब्रॉट जोडतोच, आणि शेवटी हातात मस्टखेरीज दोन अनाथ पानं उरतात. त्यातलं एकच ठेवा, दुसरं महिनाभरानं.

बदाम सात हा वरच्या वर्गांसाठी. आठ विषय, आठ रंग. प्रत्येक रंगात पाच पायऱ्या: नेव्हर, रेअरली, समटाइम्स, यूज्वली, ऑल्वेज. चाळीस पानं, चौघांना दहा-दहा. ‘समटाइम्स’ हीच इथली सत्ती. तिच्यापासून दोन्ही बाजूंना लावत जायचं. ‘आय रेअरली ड्रिंक कॉफी’ म्हटल्याशिवाय पान लागत नाही. मुलं ‘आय ड्रिंक रेअरली कॉफी’ म्हणतील. शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी, पण ‘ॲम-इज-आर’च्या नंतर, हे फळ्याच्या कोपऱ्यात दोन उदाहरणांसह लिहून ठेवावं.

आता पानं. नवखे शब्द मधोमध मोठ्ठा छापतात आणि इथेच अडतात. हातात पानांचा पंखा धरला की दिसतो फक्त वरचा डावा कोपरा, म्हणून शब्द तिथे हवाच. आणि उलट धरलं तरी वाचता यावा म्हणून समोरच्या कोपऱ्यात उलटाही. त्रेसष्ट बाय अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरची नऊ पानं एका ए-फोर कागदावर बसतात. कागद 250 ते 300 जीएसएमचा घ्या. साध्या झेरॉक्सच्या कागदातून उजेडात शब्द पलीकडे दिसतो आणि खेळ तिथेच संपतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कटिंगनंतर जाड कार्डाच्या पट्ट्या उरतात, त्या मागून बघा. टोकं नेलकटरनं गोल केली तरी चालतात. मागच्या बाजूला गटाचा क्रमांक बरोबर मध्यभागी घाला, म्हणजे जमिनीवर सापडलेलं पान कुठल्या कॅटातलं ते कळतं. तो कोपऱ्यात गेला तर पानांवर खूण होते आणि चलाख मुलं ती दुसऱ्याच दिवशी वाचतात. पानावर देवनागरीत उच्चार लिहू नका. मुलं पेन्सिलीनं लिहितीलच, खोडरबर जवळ असू द्या.

वर्गात साठ मुलं असतील तर पंधरा कॅट करत बसू नका. दोघांत एक हात द्या. एका गटात आठ मुलं, एकूण आठ कॅट पुरतात. जोडीतली दोघं आपसात मराठी-तेलुगूत कुजबुजतील, कुजबुजू द्या. पान मागताना इंग्रजी आलं की पुरे. बाकांवर पानं घसरतात, फरशीवरून नखानं उचलावी लागतात, आणि एप्रिलमध्ये पंखा बंद करा म्हणायची सोय नाही. गटाला एक जुनी चादर अंथरा. सोलापुरात तिची वाण नाही, आणि जाड विणीवर पान उडतही नाही, पटकन उचलताही येतं.

‘पत्ते’ म्हटलं की पालकांना जुगार आठवतो, हे गृहीत धरा. मुख्याध्यापकांना आधी कॅट दाखवा, बदाम-इस्पिक छापू नका, पैज कशाचीच नको, अगदी चॉकलेटचीही. इंटर्नशिपच्या पाठ टाचणात उद्दिष्टासमोर ‘पत्त्यांचा खेळ’ लिहिलंत तर निरीक्षक भुवया उंचावणार. ‘डू यू हॅव एनी वापरून प्रश्न विचारणे’ असं लिहा, खेळ साधनांच्या रकान्यात जाऊ द्या. पस्तीस मिनिटांच्या तासाला एका गटाकडून सर्वांसमोर नमुना डाव पाच मिनिटं, खेळ पंधरा, आणि फिरताना टिपलेल्या चुका फळ्यावर घ्यायला दहा. उरलेली पाच पानं मोजण्यात जातातच. प्रत्येक गटानं आपली पानं मोजून आकडा सांगितल्याशिवाय घंटा झाली तरी उठायचं नाही.

कॅट बांधायला रबर वापरू नका. मे महिन्यात ते पाघळून वरच्या पानाला चिकटतं, आणि सुतळीनं कडा कापल्या जातात. टॉवेलच्या काठाची चिंधी बरी.