पेटीतली तलवार सापडली: माझा अनुभव

इंदूरला रामबागेतल्या घरी जुन्या पीसीवर २००६ चा ऑब्लिव्हियन हा व्हिडिओ गेम पुन्हा लावला. नव्या शस्त्रांचा एक मॉड (गेममध्ये भर घालणारी फाईल) टाकला, नव्या राक्षसांचा दुसरा. राक्षस अंगावर यायचे, पण शस्त्रं कुठल्याच पेटीत सापडेनात! तीन रात्री त्यातच गेल्या.

भाचा म्हणाला, "मामा, एकेक मॉड काढून बघ ना." तेव्हा उमगलं: दोन्ही मॉड लुटीच्या, म्हणजे कुठे काय सापडेल हे ठरवणाऱ्या, त्याच याद्या बदलतात आणि शेवटी लोड होणाऱ्याचंच चालतं. नुसता क्रम बदलला तर शस्त्रं आली, राक्षसांकडची लूट गेली.

मग राय बॅश या मॉड सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये बॅश्ड पॅच, म्हणजे मॉडचे बदल जोडणारी फाईल, तयार करून दोघांच्या याद्या एकत्र केल्या. मॉड वाढवला-काढला की पॅच पुन्हा बनवायचा, हे फार महत्त्वाचं.

काल पडक्या किल्ल्यातल्या पहिल्याच पेटीत नवी तलवार निघाली. चहा गार होईपर्यंत तीच फिरवत बसलो.