गो-कार्टमध्ये वेळ कुठे वाया जातो? नवशिक्यांनो, या चुका टाळा

पहिल्यांदा कार्ट चालवून उतरलो तेव्हा हात थरथरत होते, टायरांचा किंचाळण्याचा आवाज कानात घुमत होता आणि आपणच सगळ्यांत जोरात होतो याबद्दल मनात शंका नव्हती. मग वेळांचा कागद हातात आला. मी खालून दुसरा होतो. सगळ्यांत वर होता तो गडी, ज्याची कार्ट मला आख्ख्या सत्रात कुठेही घसरताना दिसली नव्हती. चालवतोय की फिरायला आलाय, असंच मला वाटत होतं.

कार्टिंगमध्ये नवशिक्याला जे वेगवान वाटतं, ते बहुतेक वेळा हळू असतं. याचं कारण कार्टच्या बांधणीत आहे. ते समजलं की खालच्या बऱ्याचशा चुका वेगवेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

आधी यंत्र समजून घ्या

कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ती एकाच गतीने फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. दोघांची ही ओढाताण सुटायची असेल तर आतलं मागचं चाक किंचित उचललं जावं लागतं. कार्टची रचना तशीच केलेली असते. स्टिअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, सांगाडा थोडा पिळला जातो आणि आतलं मागचं चाक हलकं होतं. सस्पेन्शन नसल्यामुळे हे सगळं काम सांगाड्याच्या लवचीकपणावरच चालतं.

भाड्याच्या कार्टमध्ये आणखी दोन गोष्टी असतात. ब्रेक बहुतेक ठिकाणी फक्त मागच्या आसावर लागतो. आणि इंजिन लहान असतं, बऱ्याच ठिकाणी 200 किंवा 270 सीसीचं चार-स्ट्रोक, म्हणजे दहा अश्वशक्तीच्याही आतलं. एकदा गमावलेला वेग असं इंजिन पटकन परत देत नाही. हे शेवटचं वाक्य जरा लक्षात ठेवा.

वळणात शिरताना गिरकी बसते

ही सगळ्यांत जास्त दिसणारी तक्रार. ‘टायर खराब आहेत’ म्हणून मार्शलकडे (ट्रॅकवरच्या देखरेख करणाऱ्याकडे) बोट दाखवायच्या आधी स्वतःचा डावा पाय तपासा. तुम्ही स्टिअरिंग वळवलेलं असताना ब्रेक दाबताय. ब्रेक मागे, त्यामुळे आधी मागची चाकं जाम होतात. जाम झालेलं चाक बाजूला धरून ठेवू शकत नाही आणि मागचा भाग पुढे यायला बघतो.

पहिले काही दिवस नियम साधा ठेवा: ब्रेकचं काम स्टिअरिंग सरळ असतानाच उरका. सुरुवातीला जोरात, चाक जाम होण्याच्या अलीकडे, आणि वळायला सुरुवात करताना पाय पूर्ण उचललेला. टीव्हीवर मुरलेले ड्रायव्हर वळणाच्या आतपर्यंत ब्रेक ओढत नेताना दिसतात. ते कसब खरं आहे, पण ते नंतर.

गिरकी बसलीच तर ब्रेक दाबून धरा. फिरत, घरंगळत जाणारी कार्ट मागून येणाऱ्याला चुकवता येत नाही, थांबलेली येते. मग बसूनच राहा आणि हात वर करा. कार्टमधून उतरून ट्रॅकवर उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

ब्रेक उशिरा दाबायची हौस

नवशिक्यांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो: ‘मी त्याच्यापेक्षा किती उशिरा ब्रेक मारला!’ जरा हिशेब करू. समजा, तुम्ही ताशी 50 किमीने येताय आणि वळणासाठी 30 पर्यंत उतरायचं आहे. ब्रेक दोन मीटर, म्हणजे साधारण एका कार्टच्या लांबीएवढा, उशिरा दाबला. ते दोन मीटर तुम्ही 30 ऐवजी 50 च्या वेगाने कापले, असं तुमच्या सोयीचं धरलं तरी फायदा सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही होत नाही.

आता दुसरी बाजू. उशिरा ब्रेक मारल्यामुळे तुम्ही वळणात रुंद गेलात, ॲक्सिलरेटर उशिरा दाबला आणि बाहेर पडताना वेग 40 ऐवजी 37 राहिला. पुढे 60 मीटरचा सरळ पट्टा आहे. 40 च्या वेगाने तो 5.4 सेकंदांत संपतो, 37 ने 5.84 मध्ये. इंजिन वाटेत थोडी भरपाई करेल म्हणून नुकसान निम्मं धरा. तरी दोन-दशांश सेकंद गेले. कमावलं त्याच्या दुप्पट गमावलं, आणि हे एकाच वळणावर.

म्हणून वळणात हळू शिरा आणि लवकर गॅस द्या. ऐकायला सोपं आहे. पण पहिल्या दिवशी पाय ऐकत नाही, हेही खरं.

ब्रेकची जागा अंदाजाने ठरवू नका. डांबरावरचा डाग, कडेचा टायरांचा ढिगारा, कर्बची (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याच्या पट्टीची) सुरुवात अशी एखादी न हलणारी खूण धरा. समोरच्या कार्टला खूण मानू नका, तो चुकला की तुम्हीही चुकता.

कार्ट वळतच नाही

स्टिअरिंग फिरवलं तरी कार्ट सरळच जाते आणि पुढचे टायर खरवडल्यासारखा आवाज करतात. अशा वेळी हात आपोआप आणखी वळवतो, आणि नेमकं तिथेच चुकतं. पुढचा टायर घसरायला लागल्यावर जास्त कोन दिला की पकड आणखी कमी होते आणि चाक ब्रेकसारखं काम करू लागतं. स्टिअरिंग किंचित सोडा, टायरला पुन्हा पकड घेऊ द्या. पुढच्या लॅपला त्याच वळणात थोडं हळू शिरा, कारण मूळ दुखणं बहुधा वेगाचंच असतं.

दुसरं कारण अंगात असतं. मोटारसायकलची सवय असलेले वळणाच्या आतल्या बाजूला झुकतात. कार्टमध्ये त्याने उलटंच होतं: तुमचं वजन आतल्या मागच्या चाकावर येतं, ते उचललं जात नाही आणि आस कार्टला सरळ ढकलत राहतो. पाठ सीटला लावून ताठ बसा. शरीर बाहेरच्या बाजूला गेलं तर जाऊ द्या.

पूर्ण रस्ता न वापरणं

गाडी चालवायची सवय असलेला माणूस ट्रॅकवरही आपल्या लेनमधून चालवतो. इथे लेन नसते. बाहेरच्या कडेने या, वळणाच्या आतल्या कडेला स्पर्श करा, पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत जाऊ द्या. वळणाची त्रिज्या जितकी मोठी, तितका जास्त वेग टायर सोसतात. नातं वर्गमुळाचं आहे, म्हणजे त्रिज्या 44 टक्क्यांनी वाढली तर त्याच पकडीवर वेग 20 टक्क्यांनी वाढवता येतो. इतकं फुकट मिळतं, तरी निम्मे लोक बाहेर पडताना शेवटचा दीड मीटर रस्ता मोकळा सोडतात.

हेअरपिनवर, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणावर, आतल्या कडेला फार लवकर चिकटणं ही याचीच बहीण. लवकर आत गेलात की बाहेर पडताना रस्ता संपतो, मग गॅस सोडावा लागतो. वळणाच्या पलीकडे सरळ पट्टा असेल तर आतल्या कडेला जरा उशिरा शिवा. निम्मं वळण झालं तरी आतली कडा दूर वाटते, तेव्हा बरोबर चाललंय असं समजा.

दोन्ही पेडलं एकदम

कार्टमध्ये उजवा पाय गॅसवर, डावा ब्रेकवर. घाबरलेला नवशिका दोन्ही दाबून ठेवतो, किंवा डावा पाय ब्रेकवर हलकेच टेकलेला राहतो आणि त्याला पत्ताच नसतो. मग ‘माझी कार्ट ओढतच नाही’ अशी तक्रार होते. क्लच आणि ब्रेक दोन्ही तापतात ते वेगळंच. काही कार्टमध्ये ब्रेक दाबला की इंजिनची शक्तीच तोडली जाते. सरळ पट्ट्यावर डावी टाच मुद्दाम मागे ओढून पाहा. कार्ट अचानक ‘बरी’ झाली तर दोष तिचा नव्हता.

हात आखडणं, बरगड्या दुखणं

पाच मिनिटांत मनगटं भरून येत असतील तर तुम्ही स्टिअरिंगला लोंबकळताय. हात घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांसारखे ठेवा आणि सरळ पट्ट्यावर पकड सैल करा. सीट मोठी पडत असेल तर आत बसवायची गादी मागून घ्या. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. बरगड्यांसाठी संरक्षक पट्टा मिळत असेल तर लाज बाळगू नका.

केस, ओढणी, मफलर, जाकिटाची लोंबती दोरी या बाबतीत मात्र हसण्यावारी नेऊ नका. सीटच्या मागेच फिरता आस आणि इंजिन असतं. केस बांधून हेल्मेट किंवा कपड्यांच्या आत. पाठीवर सोडलेली वेणीही नको.

झेंडे आणि भांडणं

पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू व्हा, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून जास्त वेगवान कार्ट येतेय, वाट द्या. लाल म्हणजे सत्र थांबवलंय. निळा झेंडा अपमान वाटून आडवं जाणारे बरेच असतात. त्यात दोघांचाही वेळ जातो. उलट, वाट द्या आणि त्याच्या मागे लागा. तो ब्रेक कुठे दाबतो, आत कधी वळतो, हे दोन वळणं तरी दिसतं. एवढं फुकटचं शिक्षण दुसरीकडे मिळत नाही.

वेळांचा कागद चुकीचा वाचणं

सगळे फक्त सर्वोत्तम लॅपवर बोट ठेवतात. पहिल्या एक-दोन लॅप बाजूला काढा, तेव्हा टायर थंड असतात आणि पकड कमी. उरलेल्यांत सगळ्यांत चांगली आणि सगळ्यांत वाईट यांत किती अंतर आहे ते पाहा. 30 सेकंदांच्या ट्रॅकवर हे अंतर दीड-दोन सेकंदांचं असेल, तर नवीन काही करून पाहण्यात अर्थ नाही, कारण कशामुळे काय बदललं हे तुम्हाला कळणारच नाही. आधी ते अर्ध्या सेकंदाच्या आत आणा. मग एका सत्रात एकच वळण निवडा, फक्त तिथलाच ब्रेक किंवा गॅस बदला, बाकी ट्रॅक जसाच्या तसा चालवा आणि पुन्हा कागद मागा.